जुनें मेंडोलिन पारखतांना

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण आपल्याकडे शिकणाऱ्याला गप्प बसविण्यासाठीं नेहमीं वापरली जाते. वाद्यांच्या बाबतींत मात्र कधीं कधीं अंगण खरोखरच वांकडें असतें. एखादी बारा-तेरा वर्षांची मुलगी सहा महिने मेंडोलिन शिकते. बोटांना घट्टे पडतात, तरी सूर जुळत नाहीं. शिकविणारे म्हणतात, कान तयार नाहीं. घरचे म्हणतात, लक्ष नाहीं. आणि शेवटीं ती मुलगीच समजूं लागते कीं संगीत आपल्या नशिबीं नाहीं. वास्तविक दोष असतो वाद्याच्या दांडीचा. ती किंचित् वांकलेली असते, त्यामुळें तारा उंच राहतात, आणि त्या दाबतां दाबतांच सूर चढतो. वाद्य स्वस्त मिळालें ह्या आनंदांत घरानें काय गमावलें, हें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

म्हणून स्वस्तांतलें जुनें मेंडोलिन घेण्यापूर्वीं तें कसें पारखावें, हें ज्या घरांत कोणीहि वाजविणारें नाहीं अशा घरालाहि माहीत असणें जरूर आहे. ही पारख अवघड नाहीं. तिला तयार कानापेक्षां उघडे डोळे अधिक उपयोगी पडतात. एक फूटपट्टी, रुपयाचीं दोन नाणीं, एक लहान आरसा, मोबाइलचा दिवा आणि अर्धा तास, एवढें साहित्य पुरतें.

प्रथम वाद्याची ओळख. मेंडोलिन मूळचें इटलीचें. अठराव्या शतकांत नेपल्स शहरीं विनाच्चिया घराण्यांतील कारागिरांनीं त्याचा चार जोडतारांचा घाट नांवारूपास आणला. मोझार्टनें १७८७ सालच्या ‘दोन जोव्हान्नी’ ह्या संगीतनाटकांत एका प्रणयगीताच्या साथीला तेंच वाद्य योजिलें आहे. एकोणिसाव्या शतकांत त्याच घराण्यांतील पास्क्वाले विनाच्चिया ह्यानें पोलादी तारा आणि त्या पेलणाऱ्या दातेरी चाकांच्या खुंट्या प्रचारांत आणल्या, आणि वाद्याचा आवाज मोठा झाला. ह्या नेपल्सच्या घाटाचें पोट उभ्या चिरलेल्या भोपळ्यासारखें फुगीर असतें. लांकडाच्या अरुंद पट्ट्या शेजारीं शेजारीं चिकटवून तें तयार करतात. दुसरा घाट अमेरिकेचा. मिशिगन संस्थानांतील कॅलमझू गांवीं राहणाऱ्या ऑर्व्हिल गिब्सन ह्यानें १८९८ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. त्यांत तबली व्हायोलिनप्रमाणें कोरून कमानदार केलेली असते. तिसरा घाट सर्वांत साधा, सपाट पाठीचा. शिकागो शहरीं १८९२ सालीं निघालेल्या हार्मनी कंपनीसारख्या कारखान्यांनीं स्वस्त वाद्यें मोठ्या संख्येनें काढलीं. ती मूळची कंपनी १९७५ च्या सुमारास बंद पडली; तिचीं वाद्यें मात्र अजून हातोहात फिरत आहेत.

आपल्याकडे मेंडोलिन ओळखीचें झालें तें मुख्यतः चित्रपटसंगीतामुळें. संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) त्यावर राग वाजवीत. लक्ष्मीकांत–प्यारेलाल ह्या जोडींतील लक्ष्मीकांत कुडाळकर (१९३७–१९९८) लहानपणीं मेंडोलिनवादक म्हणूनच मुंबईंत पुढें आले. दक्षिणेंत यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) ह्यांनीं विजेच्या, पांच तारांच्या मेंडोलिनवर कर्नाटक संगीत मांडून दाखविलें. तेव्हां जुन्या सामानाच्या बाजारांत, एखाद्या हौशी वादकाच्या पश्चात् त्याच्या घरीं, किंवा परदेशांतून परतलेल्या कुटुंबाच्या माळ्यावर असें वाद्य दृष्टीस पडणें अशक्य नाहीं.

आतां त्याच्या शरीराचा विचार. मेंडोलिनला आठ तारा असतात, दोन दोनच्या चार जोड्या. त्या व्हायोलिनच्याच स्वरांत लावतात. सर्वांत बारीक जोडीचीं आंदोलनें सेकंदास सुमारें ६५९, तिच्या खालच्या जोडीचीं ४४०, मग सुमारें २९४, आणि सर्वांत जाड जोडीचीं १९६. घोडीपासून दांडीच्या टोकापर्यंत तारेची लांबी जेमतेम ३३ ते ३५ सेंटिमीटर. एवढ्या आंखूड अंतरांत आठ पोलादी तारा त्या त्या स्वरापर्यंत ताणल्या म्हणजे त्यांची एकत्रित ओढ अमेरिकन घाटाच्या वाद्यांत ७० किलोग्रॅमच्या आसपास जाते. एक प्रौढ माणूस त्या बारीक दांडीला रात्रंदिवस लोंबकळत असावा, तशांतला हा प्रकार आहे. ही ओढ एकीकडे दांडीला पुढें वांकवूं पाहते, आणि दुसरीकडे घोडीला तबलींत दाबूं पाहते. जुन्या मेंडोलिनचे बहुतेक गंभीर विकार ह्या दोन गोष्टींतून उद्भवतात. एवढें ध्यानांत ठेवलें कीं कोठें पाहावयाचें हें आपोआप समजतें.

त्यावरूनच पारखीचा पहिला नियम निघतो. तारा नसलेलें किंवा ढिल्या तारांचें मेंडोलिन पारखतां येत नाहीं. ओझें उतरवून ठेवलेल्या हमालाची पाठ जशी ताठ दिसते, तशी ताण नसतांना वांकडी दांडीहि सरळ दिसूं शकते. म्हणून वाद्य पाहावयास जाण्याच्या आदल्या दिवशींच विकणाऱ्याला सांगावें कीं तारा चढवून ते पूर्ण स्वरांत लावून ठेवावें. त्यानें ‘तारा तेवढ्या नाहींत, बाकी वाद्य उत्तम आहे’ असें म्हटलें, तर तें वाक्य खरेंहि असेल. परंतु त्या वाक्यावर पैसे देऊं नयेत. मात्र वर्षानुवर्षें तारांवांचून पडून राहिलेलें वाद्य एका दमांत ताणणेंहि बरें नव्हे. दोन दिवस घेऊन हळूहळू स्वर चढवावा, हें विकणाऱ्यासहि सांगून ठेवावें.

वाद्य हातांत आलें म्हणजे नक्षी, शिंपल्यांचें जडावकाम आणि आंतला कागद ह्यांकडे लागलीच पाहूं नये. प्रथम दांडी पाहावी. खुंट्यांकडील टोक डोळ्याजवळ धरून, बंदुकीचा नेम धरावा तसें, दांडीवरून पोटाकडे पाहावें. पीळ पडला असेल तर पडद्यांच्या, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, रेषा एकमेकींशीं समांतर दिसत नाहींत. पीळ दिसला तर तेथेंच आभार मानून वाद्य परत करावें.

वांक पाहण्यासाठीं खुद्द तारेचाच उपयोग होतो, कारण ताणलेल्या तारेइतकी सरळ फूटपट्टी दुसरी नाहीं. जाड तार पहिल्या पडद्यावर एका हातानें दाबावी, आणि दांडी जेथें पोटाला मिळते तेथील पडद्यावर दुसऱ्या हातानें. मधल्या भागांत तार व पडदे ह्यांमध्यें कागदाच्या जाडीइतकी फट दिसली तर दांडी निरोगी समजावी. तेथें भेटीच्या दोन-तीन कार्डांची चळत सहज मावत असेल, तर दांडी वांकली आहे. गिब्सन कंपनीनें १९२० नंतरच्या दशकांत दांडीच्या पोटांत फिरवून सरळ करण्याजोगी पोलादी कांब बसविण्यास आरंभ केला. परंतु स्वस्त जुन्या वाद्यांत ही सोय बहुधा नसते. तेथें वांक काढावयाचा म्हणजे पट्टी उखडून किंवा पडदे काढून पुन्हां घडवावयाचें काम.

त्यानंतर तारांची उंची. तारेच्या बरोबर अर्ध्या लांबीवर बारावा पडदा असतो. त्या पडद्याचा माथा आणि तारेची खालची बाजू ह्यांमधील अंतर दीड ते दोन मिलिमीटर असावें. सध्यां चलनांत असलेल्या रुपयाच्या नाण्याची जाडी दीड मिलिमीटरच्या सुमारास असते. एक नाणें त्या फटींत अलगद सरकलें तर ठीक. एकावर एक ठेवलेलीं दोन नाणीं तारेला न उचलतां सरकूं लागलीं, तर मात्र तार फार उंच आहे. मग लगेच घोडीकडे पाहावें. पुष्कळ घोड्यांना दोन बाजूंस चक्राकार मळसूत्रें असतात, तीं फिरवून उंची कमी होते. नेपल्सच्या घाटांत घोडी साधी लांकडी असते, ती कानसून बुटकी करतां येते. घोडी उंच असून खालीं आणण्यास जागा असेल, तर चिंतेचें कारण नाहीं. उलट घोडी आधींच पुरी खालीं आणलेली किंवा कानसून कानसून पातळ झालेली असेल, आणि तरीहि तारा उंच असतील, तर दांडी व पोट ह्यांचा सांधा सुटत आहे असें समजावें. सांध्याच्या मागच्या बाजूस कागदाची कड शिरते कीं काय, हें पाहिलें म्हणजे खात्री होते. मेंडोलिनच्या परीक्षेंतील हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे: तारा उंच आहेत काय, आणि असल्यास त्या खालीं येण्यास जागा उरली आहे काय?

मग तबली. फूटपट्टीची कड घोडीच्या आसपास आडवी धरून तबली खचली आहे कीं काय तें पाहावें. येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. नेपल्सच्या घाटांत घोडीच्या किंचित् मागें तबलीला मुद्दाम बांक दिलेला असतो, तो कारागिरानेंच केलेला, दोष नव्हे. दोन्ही अंगांस सारखा, रेखीव बांक ही रचना होय. परंतु घोडीखालीं वाटीसारखा खळगा, किंवा आवाजाच्या भोकाजवळ एका बाजूनें खचलेली कड, ही इजा होय. दिवा भोकांतून आंत सोडून आरशांत पाहिलें म्हणजे तबलीला आंतून चिकटविलेल्या आडव्या काठ्या दिसतात. त्या सुटल्या असतील तर बोटाच्या पेरानें तबलीवर हलके टकटक करतांच खुळखुळ्यासारखा आवाज येतो. सुटलेली काठी चिकटवितां येते; तबली खचण्यापूर्वीं चिकटविली पाहिजे, एवढेंच.

भेगांनीं एकदम घाबरून जाऊं नये. लांकडाच्या रेषेनें गेलेली, दोन्ही कडा एका पातळींत असलेली बारीक भेग चिकटवून वर्षानुवर्षें टिकते. घोडीच्या खालून गेलेली, किंवा भोकापासून दांडीच्या दोन्ही अंगांनीं निघालेली भेग मात्र गंभीर, कारण सर्व ताण तेथेंच येतो. भोपळ्याच्या पोटाच्या पट्ट्यांचे सांधे बोटांनीं चांचपून पाहावे. जुनीं वाद्यें सरसानें जोडलेलीं असतात. सरस दमट व उष्ण हवेंत मऊ पडतो, आणि कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत सांधे उघडतात तें त्यामुळेंच. सरसाचा एक गुणहि आहे: उघडलेला सांधा कारागीर स्वच्छ करून पूर्ववत् जोडूं शकतो. एपॉक्सीसारख्या न विरघळणाऱ्या द्रव्यानें कोणी घरगुती दुरुस्ती केली असेल, तर ती पुन्हां उकलणें मूळ दोषाहून अवघड होऊन बसतें. सांध्यावर वाळलेल्या डिंकाचे ओघळ किंवा नव्या चकचकीत रंगाचा जाड थर दिसला, तर त्याखालीं काय झांकलें आहे तें अवश्य विचारावें.

आपल्या हवेंत कीड हाहि विचार करण्याजोगा विषय आहे. लांकडावर टांचणीच्या डोक्याएवढीं गोल भोकें दिसलीं तर वाद्य पांढऱ्या कागदावर धरून हलकें ठोठवावें. बारीक ताजें पीठ पडलें तर किडा अजून आंत जिवंत आहे, आणि असें वाद्य घरांतील दुसऱ्या लांकडी सामानाजवळहि नेऊं नये.

आतां पडदे आणि खुंट्या. पहिल्या चार-पांच पडद्यांवर तारांनीं पाडलेल्या खांचा असणारच. तें वाद्य कोणी आवडीनें वाजविल्याचें चिन्ह आहे. नखाला खांच सहज अडकत असेल तर पडदे घासणें किंवा बदलणें ओघानें आलें. खुंट्या आठहि फिरवून पाहाव्या. कडक असलेली खुंटी तेलाच्या थेंबानें बहुधा सुधारते. दांते झिजून घसरणारी खुंटी सुधारत नाहीं. बदलावयाची म्हटली तर जुन्या वाद्याच्या छिद्रांचें अंतर नव्या खुंट्यांशीं जुळेलच असें नाहीं, म्हणून हें अंतर मोजून घ्यावें.

शेवटीं स्वर. ज्यांना वाजवितां येत नाहीं त्यांनींहि ही परीक्षा करावी. प्रत्येक जोडी प्रत्येक पडद्यावर दाबून एकेकदां छेडावी. कोठें तार खरखरते, कोठें आवाज मेल्यासारखा येतो, ह्याची टिपणी ठेवावी. मग बाराव्या पडद्याच्या माथ्यावर तारेला नुसता स्पर्श करून छेडावें आणि बोट लगेच उचलावें. घंटेसारखा वरचा सप्तकस्वर निघतो. लगेच त्याच पडद्यावर तार दाबून छेडावी. दोन्ही स्वर एकच आले पाहिजेत. कानाची खात्री नसेल तर मोबाइलवरील स्वर दाखविणारें यंत्र हा निवाडा करून देतें. दाबलेला स्वर चढा येत असेल तर घोडी दांडीपासून किंचित् दूर, उतरा येत असेल तर किंचित् जवळ न्यावी. मेंडोलिनची घोडी तबलीला चिकटविलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबानें उभी असते. ती सरकल्यामुळें बेसूर झालेलें वाद्य विकणाऱ्यालाहि निकामी वाटतें, आणि जाणता ग्राहक तें अल्प किमतींत घेऊन दोन मिनिटांत सुरांत आणतो. स्वस्तांत खरा लाभ होतो तो अशा ठिकाणीं.

ह्या सर्व परीक्षेनंतर आढळलेल्या दोषांचे तीन ढीग करावे. पहिल्या ढिगांत गंजलेल्या तारा, सरकलेली घोडी, कडक खुंट्या, धूळ, ओरखडे व उडालेलें पॉलिश. हे दोष नसल्यासारखेच समजावे. किंमत कमी करून घेण्यास मात्र उपयोगी. दुसऱ्या ढिगांत झिजलेले पडदे, साधी भेग, सुटलेली काठी, उघडलेला एखादा सांधा. ह्यांना कारागीर लागतो, तेव्हां वाद्य घेण्याआधीं कारागिराकडे चौकशी करून त्याचा आंकडा किमतींत मिळवावा. तिसऱ्या ढिगांत पिळलेली किंवा वांकलेली दांडी, सुटलेला दांडीचा सांधा, खचलेली तबली, जिवंत कीड. नांवाजलेल्या कारागिराच्या दुर्मिळ वाद्याला हा खर्च शोभेल. स्वस्त वाद्याच्या बाबतींत मात्र तो चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा होतो. किंमत आणि दुरुस्ती ह्यांची बेरीज विद्यार्थ्यासाठीं मिळणाऱ्या साध्या नव्या मेंडोलिनच्या किमतीपर्यंत गेली, तर जुन्याचा मोह सोडावा.

वाद्यांत चिकटविलेल्या कागदाविषयीं दोन शब्द. ‘नेपल्स’ हें नांव छापलेलें असलें म्हणजे वाद्य थोर झालें असें नव्हे. सिसिलींतील कातानिया शहरीं आणि जर्मनींतहि भोपळ्याच्या घाटाचीं स्वस्त मेंडोलिनें ढिगांनीं होत असत. कागदाचें वय आणि वाद्याचा गुण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर वर्षांचें वाईट वाद्य हें वाईट वाद्यच असतें. त्याच्या उलट, नांवगांव नसलेलें, सरळ दांडीचें, निरोगी तबलीचें सपाट मेंडोलिन शिकणाऱ्याची पुष्कळ वर्षें सेवा करतें.

वाद्य घरीं आल्यावर त्याला बारीक तारा लावाव्या. भोपळ्याच्या घाटाच्या जुन्या वाद्यांना तर सर्वांत हलक्या तारांचा संच घ्यावा. अमेरिकन घाटाच्या जाड तारा तीं पेलूं शकत नाहींत. पावसाळ्यांत तें बाहेरच्या ओल्या भिंतीला टांगूं नये, उन्हाळ्यांत बंद मोटारींत ठेवूं नये, आणि महिनोन्महिने वाजवावयाचें नसेल तर तारा एखादा स्वर उतरवून ठेवाव्या.

एवढ्यानें कोणी वादक होत नाहीं, हें खरें. सूर हा शेवटीं मेहनतीनेंच येतो. परंतु मेहनत करणाऱ्याला तिचें फळ कानांवर ऐकूं यावें, एवढी जबाबदारी वाद्य निवडणाऱ्या वडीलधाऱ्यांची आहे. मुलाच्या हातांत सरळ दांडीचें वाद्य दिल्यावर त्याचा सूर चुकला तर ‘पुन्हां वाजव’ असें म्हणण्याचा अधिकार घराला पोहोंचतो. त्यापूर्वीं एकदां अंगण पाहून घ्यावें.